रेल्वे मॉडेलचे प्रदर्शन पाहायला जाताना

लेआउटचे, म्हणजे फळीवर मांडलेल्या छोट्या रेल्वेचे, सामान घ्यायला आमच्या दुकानात येणारे बरेच जण आधी इंजिन पसंत करतात आणि जागेचा विचार मागाहून करतात. आमचा आग्रह असा की आधी एखादे प्रदर्शन नीट पाहून या, खरेदी नंतर. निघण्यापूर्वी घरातली जागा टेपने मोजा आणि माप कागदावर लिहून खिशात ठेवा. आवडलेला लेआउट आपल्या घरात बसेल की नाही, ते मग तिथल्या तिथे कळते.

मुंबईच्या घरांत सगळे अडते ते जागेपाशीच. एचओ आणि एन ही मॉडेलची दोन मापे. एचओ म्हणजे 1:87 प्रमाण, दोन रुळांतले अंतर 16.5 मिमी. एन म्हणजे 1:160 आणि 9 मिमी. आपली 12 डब्यांची लोकल एचओत केली तर जवळपास 3 मीटर लांब होते, एनमध्ये दीड मीटरच्या थोडी वर. फलाटही तेवढाच लांब लागणार. एचओत 18 इंच त्रिज्येच्या वळणाने गाडी गोल फिरवायची तर फळी साधारण 1 मीटर रुंद हवी. एवढी जागा नसेल तर प्रदर्शनात भिंतीलगतचे अरुंद लेआउट शोधा. त्यांत गाडी गोल फिरत नाही. दोन-चार सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा), एखादा मालधक्का आणि डब्यांची अदलाबदल एवढाच खेळ. मोठ्या लेआउटभोवतीच गर्दी होते, पण छोट्या घरासाठी खरे शिकण्यासारखे या अरुंद फळ्यांवरच असते, असे आमचे ठाम मत आहे.

चढाकडे मुद्दाम लक्ष द्या. एचओत एका मार्गावरून दुसरा न्यायचा तर साडेसात-आठ सेंटिमीटर उंची गाठावी लागते. शंभराला दोन असा चढ ठेवला तर नुसते वर चढायलाच सुमारे 4 मीटर रूळ जातात. खऱ्या बोरघाटात चढ 37 ला 1 आहे, आणि तिथेही कर्जतला गाडीला मागून जोड-इंजिने लावावी लागतात. म्हणून घाटाचा लेआउट दिसला की इंजिनामागे किती डबे आहेत ते मोजा. घाटाचीच हौस असेल तर नेरळ–माथेरानसारखा 2 फुटी (दोन रुळांत 2 फूट अंतर असलेला) मार्ग अधिक सोयीचा. इंजिने-डबे 1:76 प्रमाणात आणि रूळ एनचे, 9 मिमीचे, असे अरुंद मार्ग हौशी लोक पूर्वीपासून करत आले आहेत. वळणे घट्ट चालतात आणि गाडी छोटीच शोभते.

पुढून पाहून झाले की मागे जा. गाड्या बोगद्यात शिरून कुठे थांबतात, पडद्यामागे किती रूळ आहेत, फळ्यांचे जोड कसे बसवले आहेत, वायरिंगला खुणा केल्या आहेत का, हे सगळे मागूनच दिसते. चालवणारा मोकळा असेल तेव्हा विचारा. ही मंडळी मनापासून सांगतात. नियंत्रण साधे डीसी (रुळातल्या विजेचा दाब कमी-जास्त करून गाडी चालवणारे) आहे की डिजिटल, हेही विचारा. डिजिटलमध्ये प्रत्येक इंजिनात डीकोडर, म्हणजे फक्त त्या इंजिनासाठीचा संदेश ओळखणारी छोटी चिप, असतो, त्यामुळे एकाच रुळावरची दोन इंजिने वेगवेगळी चालवता येतात. एकच गाडी चालवणार असाल तर सुरुवातीला साधा डीसी पुरतो.

परदेशी प्रदर्शनांचे व्हिडिओ जरूर पाहा, पण त्यांचे सगळे इथे चालत नाही. आपल्या पावसाळ्यात साधा प्लाय वाकतो, रुळांवर थर धरतो आणि गाडी अडखळते. वॉटरप्रूफ प्लाय घ्या, कडांना आणि खालच्या बाजूलाही रंग द्या, रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

जवळपास प्रदर्शन नसेल तेव्हा पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, 1998 पासून लोकांसाठी खुले.

परत आलात की मापाचा कागद आणि काढलेले फोटो घेऊन दुकानात या. काउंटरवर रूळ मांडून वळण बसते का ते तुमच्यासमोर पाहू, मगच बिल करू.