सोलर टेक्निशियन की ईव्ही मेकॅनिक? नाशिकमधून आयटीआयचा अर्ज भरताना

सातपूरच्या बॉश कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. विजेवर चालणाऱ्या गाडीत हे दोन्ही भाग नसतातच. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात 210 मेगावॅटचे तीन संच अजून कोळशावर चालतात, तर शहरात घरांच्या छतांवर सोलर पॅनेल चढताहेत. 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. काम डिझेल-कोळशाकडून सोलर आणि विजेच्या गाड्यांकडे सरकतंय, आणि त्या कामाकडे जाण्याची सर्वांत स्वस्त वाट आयटीआयची आहे.

या क्षेत्रातले व्यवसाय (ट्रेड, म्हणजे आयटीआयचे अभ्यासक्रम) मुख्यतः दोन: सोलर टेक्निशियन (इलेक्ट्रिकल), मुदत 1 वर्ष, आणि मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल (ईव्ही), मुदत 2 वर्षं. दोन्हींना विज्ञान-गणितासह दहावी उत्तीर्ण असावं लागतं आणि वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो.

अर्ज राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश संकेतस्थळावर, दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतो. आधी नोंदणी करायची. मोबाईल नंबर घरातलाच द्या. कॅफेवाल्याचा दिला की पुढच्या प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दारात उभं राहावं लागतं. मग माहिती भरून शुल्क ऑनलाइन भरायचं. इथे बरेच जण थांबतात आणि फसतात. शुल्क भरलं म्हणजे अर्ज झाला असं नाही. मूळ कागदपत्रं घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये अर्ज निश्चित करून घ्यावा लागतो. नाशिक शहरातल्यांना त्र्यंबक रस्त्यावरची सातपूरची शासकीय आयटीआय सोयीची. सुरगाणा-पेठच्या मुलांनी त्यासाठी शहर गाठायची गरज नाही, तालुक्याच्या संस्थेतही हे काम होतं. निश्चितीची पावती जपून ठेवा. त्यानंतर अर्जातली माहिती सहजासहजी बदलता येत नाही.

सोबत न्यायचं: दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि राखीव प्रवर्गातल्यांनी जातीचा दाखला. ओबीसी, व्हीजेएनटीसाठी नॉन-क्रीमीलेअर, आर्थिक दुर्बल घटकासाठी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र. शुल्क सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. अर्ज अडतो तो बहुधा नॉन-क्रीमीलेअरपाशी: हातातल्या प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपलेली असते आणि निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागलेली असते. निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच नवं काढायला टाका. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एका अक्षरानेही वेगळं असेल तर आधी तेच दुरुस्त करा, नाहीतर पुढे प्रमाणपत्रात आणि बँकेच्या पैशांतही तीच चूक आडवी येते.

आता पसंतीक्रम, म्हणजे संस्था आणि व्यवसायाची जोडी. हे दोन व्यवसाय प्रत्येक संस्थेत नाहीत. विकल्पांच्या यादीत जिल्हा नाशिक निवडून ते कुठे आहेत आणि जागा किती आहेत ते पाहा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून खरोखर हवं तेच पहिल्या क्रमांकावर टाका.

आमचं मत विचाराल तर फक्त सोलर लिहून थांबू नका, इलेक्ट्रिशियनही वरच्या क्रमांकात ठेवा. पॅनेल बसवणं हे अर्धं काम. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हावी लागते, आणि तिथे तारतंत्री (वायरमन) परवाना असलेल्या माणसाला जास्त मागणी असते. ईव्हीकडे जाणाऱ्यांनी डिझेल मेकॅनिकचीच पुढची पायरी समजून जाऊ नये. तिथे दिवस जातो तो बॅटरी, मोटर, कंट्रोलर आणि मल्टिमीटरसोबत.

उत्तीर्ण झाल्यावर अप्रेंटिसशिपसाठी, म्हणजे कंपनीत काम करत शिकण्यासाठी, राष्ट्रीय अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा. विद्यावेतनातला केंद्राचा वाटा, 25 टक्के पण महिन्याला कमाल 1,500 रुपये, थेट खात्यात येतो. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर तो अडकतो.

आधीच इलेक्ट्रिशियन, वायरमन किंवा फिटरची आयटीआय झाली असेल आणि वय 18 च्या पुढे असेल, तर पुन्हा प्रवेश घेण्याआधी सूर्यमित्र हे सरकारी सोलर प्रशिक्षण पाहा. ते 600 तासांचं, निवासी आणि विनामूल्य आहे. मात्र नावनोंदणीआधी जवळपास बॅच सुरू होते आहे का, हे केंद्राला फोन करूनच ठरवा.