बॅटरी चालते किती आणि टिकते किती

भाची यंदा अकरावीला गेली. राहायला घणसोली, कॉलेज ठाण्यात. सकाळच्या लोकलमध्ये बॅग पाठीला लावता येत नाही, पोटाशी धरून उभं राहावं लागतं. वर्गात प्लगपॉइंट दोनच, तेही फळ्याजवळ. त्यामुळे लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा तिचं मागणं एवढंच होतं: "आत्या, हलका बघ आणि बॅटरी चांगली बघ."

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात आम्ही तिघं गेलो. भावाने पहिलाच प्रश्न विचारला, "बॅटरी टिकेल ना?" विक्रेता म्हणाला, "आठ तास, सर. आरामात." भावाचं समाधान झालं. बाहेर पडल्यावर मी त्याला विचारलं तेव्हा कळलं, की त्याला वर्षं विचारायची होती. अकरावी, बारावी आणि पुढची पदवी, म्हणजे निदान पाच वर्षं हे यंत्र पुरायला हवं, हे त्याच्या मनात होतं. उत्तर मिळालं ते तासांचं, आणि ते त्याला वर्षांचं वाटलं.

हा घोळ सगळीकडे होतो, कारण शब्दच सरमिसळ झालेले आहेत. दुकानात 'बॅकअप' म्हणतात, खोक्यावर 'बॅटरी लाइफ' लिहिलेलं असतं आणि घरात आपण दोन्हीला 'टिकते' म्हणतो. सकाळी भरलेला फोन दुपारी बंद पडला तरी 'बॅटरी टिकत नाही', आणि तीन वर्षांत बॅटरी बाद झाली तरी 'टिकली नाही'. या लेखापुरतं मी दोन क्रियापदं वेगळी ठेवते. एका चार्जवर बॅटरी किती तास चालते, हा एक प्रश्न. किती वर्षं टिकते, हा दुसरा.

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. भरलेली टाकी किती वेळ पुरेल, हे टाकी केवढी आणि नळ किती सोडलेत यावर ठरतं. हे झालं चालणं. पण टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, तर ती काठोकाठ भरली तरी पाणी कमीच मावतं. हे टिकणं.

आधी तासांचं बघू. लॅपटॉपच्या बॅटरीचा आकार वॉट-तासांत मोजतात. हे माप आपल्या ओळखीचं आहे, कारण महावितरणच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. शाळा-कॉलेजच्या हलक्या लॅपटॉपमध्ये साधारण ४० ते ६० वॉट-तासांची बॅटरी असते. म्हणजे ५० वॉट-तासांच्या बॅटरीत एका युनिटचा विसावा हिस्सा वीज मावते. आता साधा भागाकार करा. नोट्स लिहिताना, पीडीएफ वाचताना लॅपटॉप सरासरी ६ वॉट खात असेल तर ५० भागिले ६, म्हणजे आठ तासांहून थोडं जास्त. व्हिडिओ कॉलवर तोच १२ वॉट खाऊ लागला तर चार तास. त्यावर गेम लावला आणि खप ४० वॉटवर गेला, तर सव्वा तास. बॅटरी तीच, दिवसही तोच.

म्हणून 'आठ तास' हे उत्तर खोटं नसतं, अर्धवट असतं. कुठल्या कामाचे आठ तास, हे त्यात नसतं. अॅपलच्या एम२ चिपच्या मॅकबुक एअरचंच बघा. कंपनीने स्वतःच त्याचे दोन आकडे दिलेत: वायफायवर वेबसाइट बघताना १५ तासांपर्यंत, चित्रपट बघताना १८ तासांपर्यंत. बॅटरी दोन्हीकडे ५२.६ वॉट-तासांचीच. विंडोज लॅपटॉपचे आकडेही बरेचदा स्क्रीनचा उजेड १५० निट्सवर (निट हे उजेडाचं माप) ठेवून, साठवलेला व्हिडिओ चालवून काढलेले असतात. खिडकीशेजारच्या बाकावर १५० निट्समध्ये अक्षरं दिसत नाहीत, उजेड वाढवावाच लागतो. दुकानात सांगितलेल्या आकड्याचे साठ-पासष्ट टक्केच मी धरते.

यातून एक गोष्ट निघते, जी मुलांना पटवणं मला सगळ्यात कठीण गेलं. मोठी बॅटरी म्हणजे जास्त तास, असं नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये ८०-९० वॉट-तासांचीही बॅटरी मिळते, पण त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं, जास्त वीज ओढणारा प्रोसेसर असतो, आणि ५० वॉट-तासांचं साधं यंत्र त्याच्यापेक्षा दुप्पट वेळ चालू शकतं. शिवाय गेमिंगवाल्याचं वजन दोन किलोंच्या वर आणि चार्जर विटेएवढा. लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या मुलीला तो देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघायची सवय लावून घ्या. इंटेलच्या १२व्या-१३व्या पिढीत शेवटी 'यू' असेल तर मूळ वीज बहुधा १५ वॉट, 'एच' असेल तर ४५ वॉट. नुसतं वाचताना दोन्ही कमीच वीज घेतात, पण जरा काम पडलं की 'एच' उसळतो आणि पंखा सुरू होतो. २०२० च्या शेवटी अॅपलची एम१ चिप आली आणि २०२४ मध्ये स्नॅपड्रॅगन एक्स चिप आणि इंटेलची कोअर अल्ट्रा २००व्ही मालिका आली. एका चार्जवर पूर्ण दिवस काढणं त्यांच्यामुळे बरंच सोपं झालं. स्नॅपड्रॅगन घेताना मात्र कॉलेजात कुठलं सॉफ्टवेअर लागतं हे आधी विचारा, कारण काही जुने प्रोग्रॅम आणि प्रिंटरचे ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. स्क्रीनबद्दलही एक सांगते. ओएलईडी प्रकारची स्क्रीन काळ्या भागाला वीज देत नाही, म्हणून चित्रपटात ती बचत करते. अभ्यासात आपण दिवसभर पांढरं पान बघतो, आणि तिथे तिची भूक वाढते. विद्यार्थ्याला साधी, चांगल्या उजेडाची आयपीएस स्क्रीन पुरते.

कुणी मिलीअँपिअर-तास सांगितले तर वॉट-तास मागा. ५००० मिलीअँपिअर-तासांचा फोन सुमारे १९ वॉट-तासांचा असतो आणि साडेचार हजारांचा लॅपटॉप ५० च्या वर जातो, कारण लॅपटॉपच्या बॅटरीचा व्होल्टेज जास्त असतो.

आता वर्षांकडे. ही बाजू दुकानात कोणी काढत नाही, आणि पालकांना खरी हीच लागते.

लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी थोडी झिजते. दर चार्जिंगला आतल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर वाढत जातो आणि त्यात थोडं लिथियम कायमचं अडकतं. टाकीतला गाळ तो हाच. हिशेब सायकलमध्ये करतात. १०० टक्के वीज वापरली की एक सायकल, मग ती एका दिवसात वापरा किंवा आज ५० आणि उद्या ५०. साधारण लॅपटॉपची बॅटरी ३०० ते ५०० सायकलनंतर मूळच्या ८० टक्क्यांवर येते. अॅपल आपल्या मॅकबुकसाठी १००० सायकल सांगते.

गाळ भराभर साचवणाऱ्या गोष्टी दोन: उष्णता, आणि सतत १०० टक्क्यांवर ठेवणं. दोन्ही आपल्याकडे अगदी सहज घडतात. मे महिन्यात क्लासच्या बाहेर उन्हात उभ्या स्कूटीच्या डिकीत लॅपटॉप दोन तास राहतो. गादीवर ठेवून चार्जिंगला लावला की खालच्या जाळ्या बंद होतात. घरी टेबलावर तर तो दिवसरात्र चार्जरला जोडलेलाच असतो. त्यात घरातल्या मोठ्यांचा एक सल्ला अजून चालू आहे: 'पूर्ण उतरू दे, मगच चार्ज कर.' हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे, आणि तेव्हा त्याला अर्थ होता. लिथियमला पूर्ण उतरणं बाधतं. २०-२५ टक्क्यांवर चार्जर लावणं कधीही बरं. नवा लॅपटॉप आधी आठ तास चार्जिंगला ठेवायचीही गरज नाही.

एका जागी हे दोन प्रश्न एकमेकांच्या विरोधात जातात. जास्तीत जास्त तास हवेत तर १०० टक्के भरा, जास्तीत जास्त वर्षं हवीत तर ८० वर थांबा. त्यासाठीची सोय आता बहुतेक कंपन्या देतात: लेनोवोच्या व्हँटेज अॅपमध्ये, एसूसच्या मायएसूसमध्ये, एसरच्या केअर सेंटरमध्ये, एचपीच्या काही मॉडेलांत बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये). भाचीला मी सांगितलंय, की घरी ८० ची मर्यादा चालू ठेव, आणि कॉलेजला प्रॅक्टिकलचा लांब दिवस असेल तर आदल्या रात्री ती काढ.

दुसऱ्या एका जागी दोन्ही प्रश्न हातात हात घालून चालतात, आणि मॉडेल निवडताना माझ्या मते हेच सगळ्यात मोलाचं आहे. समजा भाचीला रोज सहा तास काम आहे आणि वर्षाला २२० दिवस. एक लॅपटॉप प्रत्यक्षात पाच तास चालतो, दुसरा दहा. पहिल्याच्या रोज १.२ सायकल होतात, वर्षाला २६४. दुसऱ्याच्या रोज ०.६, वर्षाला १३२. पहिला दोन वर्षांत ५०० ओलांडतो, म्हणजे बारावी संपता संपता तो पाचाचे चारच तास देऊ लागतो. दुसऱ्याला तिथे पोचायला जवळपास चार वर्षं लागतात, आणि तेव्हाही त्याच्याकडे आठ तास उरलेले असतात. कमी वीज खाणारं यंत्र चालतंही जास्त आणि टिकतंही जास्त. म्हणून सहा तासांची गरज असेल तर सहाचं घेऊ नका, खऱ्या वापरातले आठ तरी देणारं घ्या.

आणखी एक चूक दोन्हीकडून फटका देते. नुसती स्क्रीन मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला, की बरीच नवी विंडोज यंत्रं आत अर्धवट जागीच राहतात. ठाण्याहून घणसोलीला पोचेपर्यंत बॅग कोमट लागते. तास गेले आणि उष्णताही सोसली. बॅगेत टाकण्याआधी शटडाउन किंवा हायबरनेट (उघडं काम जपून पूर्ण बंद) करा.

कधी टचपॅड वर उचललेला दिसला किंवा खालचं झाकण फुगलं, तर चार्जर लगेच काढा, वापर थांबवा आणि सर्व्हिस सेंटर गाठा. ती बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका.

आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी भावाने प्रश्न सुटे सुटे विचारले. बॅटरी किती वॉट-तासांची? वॉरंटी बॅटरीलाही तेवढीच का? (अनेकदा लॅपटॉपची वाढवून मिळते आणि बॅटरीची एकच वर्ष राहते.) तीन वर्षांनी बदलायची झाली तर मूळ कंपनीची मिळते का, कितीला? पासष्ट वॉटच्या सी टाइप चार्जरवर चालतो का? विक्रेत्याने मन लावून उत्तरं दिली, एका प्रश्नासाठी सर्व्हिस सेंटरला फोनही केला. त्याला आदल्या दिवशी कोणी हे विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर भाचीने कमांड प्रॉम्प्ट उघडला, पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत टाइप केलं. रिपोर्टमध्ये दोन ओळी शेजारी शेजारी येतात: डिझाइन कपॅसिटी, म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत मावायला हवं होतं ते, आणि फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आज खरंच मावतं ते. दोन्ही आकडे तिने जर्नलच्या शेवटच्या पानावर तारखेसकट लिहिले आणि खाली पुढच्या जूनसाठी एक ओळ मोकळी सोडली.