संग्रहालयातली रेसिडेन्सी: कोठार कोणासाठी आणि कधी उघडलं

तरुण चित्रकाराला राहायला खोली, कामाला स्टुडिओ आणि महिन्याचं मानधन द्यायचं, ही रेसिडेन्सीची कल्पना मुळात संग्रहालयांची नाही, राजदरबाराची आहे. चौदाव्या लुईच्या काळात, १६६६ मध्ये, त्याचा मंत्री कोल्बेर याने रोममध्ये फ्रेंच अकादमी काढली. निवडलेले तरुण तिथे काही वर्षं राहत आणि प्राचीन शिल्पांच्या नकला करून फ्रान्सला पाठवत. जुन्या वस्तूंच्या सहवासात मुक्काम आणि त्याच्या बदल्यात यजमानासाठी काम, असा तो सौदा होता. १९०७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या मॅकडॉवेल कॉलनीने सौद्याचा दुसरा भाग काढून टाकला. झाडीत स्वतंत्र स्टुडिओ, शांतता आणि कामाची सक्ती नाही. आजच्या बहुतेक रेसिडेन्सी याच वळणाच्या आहेत. पण त्यात जुनी वस्तूही हातातून गेली.

ती परत आणली संग्रहालयांनी. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला स्टुडिओ म्युझियम इन हार्लेम उघडलं. कृष्णवर्णीय कलाकारांना संग्रहालयातच कामाची जागा द्यायची, हे त्याच्या नावातच होतं. त्याच वर्षी व्हिटनी म्युझियमने तरुणांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम काढला. ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयाच्या ग्लासेल कलाशाळेत १९८२ मध्ये कोअर प्रोग्रॅम ही रेसिडेन्सी सुरू झाली आणि पुढे त्यात कलासमीक्षा लिहिणाऱ्यांनाही घेतलं. चित्रकार आणि लेखक एकाच छताखाली वर्ष-दोन वर्षं राहिले, की लेखन प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात उरकायचं काम राहत नाही.

कोठाराचं, म्हणजे मांडणीत नसलेल्या वस्तू ठेवायच्या जागेचं महत्त्व मात्र सगळ्यात ठसठशीतपणे दाखवलं ते अमेरिकी कलाकार फ्रेड विल्सनने. १९९२ मध्ये बाल्टिमोरला मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहातून त्याने नक्षीदार चांदीची भांडी काढली आणि त्याच कपाटात, त्यांच्या शेजारी, गुलामांच्या पायातल्या बेड्या ठेवल्या. पाटी दोन्हींना एकच: धातुकाम. त्याने नवीन वस्तू बनवली नव्हती. जे होतं ते शेजारी-शेजारी मांडलं होतं, आणि हे सुचायला नोंदवह्या चाळाव्या लागतात, कोठारात दिवस काढावे लागतात. संग्रहालयातल्या रेसिडेन्सीचा खरा ऐवज हाच आहे. स्टुडिओ भाड्यानेही मिळतो.

नागपूरला हा इतिहास परका नाही. सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ चं. रिचर्ड टेंपल तेव्हा मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळघाट-बोरीकडची महापाषाणी (मोठ्या दगडांची प्राचीन) दफनं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. गोंडांविषयी त्यांनी जमवलेली टिपणं, त्यात परधान, म्हणजे गोंडांच्या गाथा गाणाऱ्या समाजातल्या गायकाकडून ऐकलेली, गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची गाथाही होती, टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून आणली. वस्तू गोळा करणं आणि वस्तूंवर लिहिणं या शहरात एकाच वेळी सुरू झालं. पण लिहिणारे मिशनरी आणि अधिकारी होते. ज्यांच्या वस्तू, ते लोक माहिती देणारेच राहिले.

१९५६ मध्ये नागपूरचं राजधानीपण गेलं आणि भोपाळ मोठं झालं. तिथे १९८२ मध्ये भारत भवन हे कलाकेंद्र उघडलं. त्यातल्या रूपंकर संग्रहालयाचे प्रमुख, चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी गावोगाव माणसं पाठवली. त्यातून पाटणगढचा परधान तरुण जनगढसिंह श्याम भोपाळला आला. त्याला कागद, रंग, छपाईचं यंत्र मिळालं आणि गोंड चित्रकलेची आजची धारा तिथून सुरू झाली. हिस्लॉप यांना गाथा सांगणाऱ्यांच्याच समाजातला माणूस आता संग्रहालयात कलाकार म्हणून, स्वतःच्या नावाने काम करत होता. आमच्या मते भारतातल्या संग्रहालयीन रेसिडेन्सीचा हा सगळ्यात मोलाचा धडा आहे.

दुसरा धडा फार दुःखद आहे. २००१ मध्ये जपानच्या मिथिला म्युझियममध्ये निवासी कलाकार म्हणून राहत असताना जनगढ यांनी आत्महत्या केली. तिथल्या मुक्कामाच्या अटींबद्दल भारतातल्या कलाकारांनी तेव्हा जाहीर प्रश्न विचारले. म्हणून करारात मुदतीची तारीख लिहिलेली हवी आणि मुदतवाढ कलाकाराच्या लेखी संमतीशिवाय होता कामा नये. परतीचं तिकीट आधी काढावं, पासपोर्ट कलाकाराकडेच राहावा, अडचणीत फोन करायला यजमान संस्थेबाहेरचा एक माणूस नेमावा आणि करार कलाकाराला नीट कळणाऱ्या भाषेत असावा.

हक्कांचं कलम तर बहुतेक जण वाचतच नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कृतीच्या कॉपीराइटचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. पण कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं किंवा छायाचित्र काढवलं, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइट त्या मोबदला देणाऱ्याचा होतो. सरकारी कृती ठरली तर शासनाचा. मानधन म्हणजे असा मोबदला का, हा वाद नंतर घालण्यापेक्षा ‘कॉपीराइट कर्त्याकडे’ हे एक वाक्य आधी लिहून घ्यावं. लेखकाने हक्क देताना मुदत लिहावी. लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते.

नागपुरात अशी रेसिडेन्सी आखताना पहिला प्रश्न हवेचा येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ, हवा कोरडी ठाक; जलरंग कागदावर पसरायच्या आत वाळतो. मग वाळ्याचा कूलर लावला जातो, आणि घोटाळा तिथेच होतो. कूलर दमट हवा फेकतो. स्टुडिओ कोठाराला लागून असेल, तर तोच दमटपणा जुन्या कागदावर बुरशी आणतो, आणि कूलर बंद-चालू होत राहिला की लाकूड फुगून-आकसून तडकतं. स्टुडिओ वेगळ्या इमारतीत ठेवावा आणि कोठारातलं काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत घ्यावं.

ताजा बांबू, ओलं लाकूड, सुकलेलं गवत थेट आत नेऊ नये. भुंगे आणि वाळवी त्यातूनच शिरतात. आधी वेगळ्या खोलीत बंद पिशवीत ठेवून भुसा पडतो का ते पाहावं. तैलरंग, टर्पेंटाइन आणि ताजं प्लायवूड कोठारापासून लांब. त्यांच्या वाफांनी तांब्या-शिशाच्या वस्तू खराब होतात. कागद आणि कापडावर प्रकाश ५० लक्सच्या आत. टिपणं पेन्सिलीनेच, बॉलपेनची रेघ एकदा उमटली की निघत नाही.

पहिल्या महिन्यात चित्रकार आणि लेखक दोघांनी फक्त नोंदवह्या वाचाव्यात. आवडलेल्या वस्तूंचे नोंदणी क्रमांक लिहून यादी अभिरक्षकांकडे द्यावी, आणि वस्तू बाहेर काढायला आठवड्याचे दोन दिवस ठरवून घ्यावेत. रोज येऊन मागणी केली तर कर्मचारी वैतागतात, आणि ते बरोबरच आहे. एक पेटी काढायची म्हणजे दोन माणसं, कुलूप, नोंद आणि परत जागेवर ठेवणं. ही यादी गोंडी जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावी. जुन्या नोंदीत ‘आदिवासी दागिना’ एवढंच लिहिलेलं असतं. तो कोणी, कधी, कुठे घालायचा हे सांगणाऱ्यालाही मानधन द्यावं आणि छापील मजकुरात त्याचं नाव लेखकाच्या नावाशेजारी यावं.