आशिया चषकाची पात्रता की विश्वचषकाची? १७ वर्षांखालील फुटबॉलमधल्या दोन वेगळ्या पायऱ्या

३० नोव्हेंबर २०२५ ला अहमदाबादच्या एका अरेनावर भारताच्या १७ वर्षांखालील मुलांनी इराणला २-१ असं हरवलं. त्या रात्री व्हॉट्सअॅपवर "भारत विश्वचषकाला पात्र" असे निरोप फिरत होते. आनंद खरा होता, माहिती मात्र चुकीची होती. त्या विजयाने भारत आशिया चषकाला पात्र ठरला. विश्वचषकाची पात्रता त्या आशिया चषकात ठरते. म्हणजे एकामागोमाग दोन अडथळे आहेत आणि पहिला ओलांडला की दुसरा समोर येतो. बातम्यांमध्ये दोन्हींना "पात्रता" म्हटलं जातं, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण दोन्ही स्पर्धांचा हिशोब इतका वेगळा आहे, की एकीचे नियम डोक्यात ठेवून दुसरी पाहिली तर सामन्याचा अर्थच लागत नाही.

आधी पात्रता फेरी. २०२६ च्या आशिया चषकासाठी ती २२ ते ३० नोव्हेंबर २०२५ या काळात झाली. ३८ संघ होते, सात गट होते आणि प्रत्येक गटातून पुढे जाणार होता फक्त पहिला संघ. अख्खा गट एकाच शहरात खेळतो. घरच्या आणि परक्या मैदानावर एकेक सामना असा प्रकार इथे नसतो. भारताच्या गटाचं यजमानपद अहमदाबादकडे होतं. सोबत इराण, लेबनॉन, पॅलेस्टाईन आणि चायनीज तैपेई. पाच संघांचा गट म्हणजे प्रत्येकाचे चार सामने, आणि ते सगळे नऊ दिवसांत. सोळा वर्षांच्या मुलासाठी एक दिवसाआड किंवा दोन दिवसाआड नव्वद मिनिटं पळणं ही काय चीज आहे, हे ज्यांनी या वयात क्लबकडून फुटबॉल खेळलंय त्यांना सांगायला नको. चौथ्या सामन्यापर्यंत ताजे पाय कुणाचे उरले आहेत, यावर बरंच काही ठरतं.

भारताची वाट अशी होती: पॅलेस्टाईनशी १-१ बरोबरी, चायनीज तैपेईवर ३-१ विजय, लेबनॉनकडून ०-२ पराभव. तीन सामन्यांत चार गुण. शेवटचा सामना गटातल्या सगळ्यात तगड्या संघाशी, आणि तो जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इराणने आधी गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर पेनल्टीवर बरोबरी झाली आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच भारताने दुसरा गोल केला. त्यानंतरचा जवळजवळ सगळा उत्तरार्ध ती आघाडी राखण्यात गेला.

आता प्रश्न असा, की इराणसारखा संघ पात्रता फेरीत आलाच कसा? जपान, दक्षिण कोरिया, उझबेकिस्तान, सौदी अरेबिया हे संघ या फेरीत नव्हते. कारण नियमच तसा होता: २०२५ चा विश्वचषक खेळणाऱ्या आशियातल्या नऊ संघांना २०२६ च्या आशिया चषकात थेट प्रवेश. सोळा जागांपैकी नऊ आधीच भरलेल्या, उरलेल्या सातसाठी ३८ संघ. इराण २०२५ च्या आशिया चषकात गटातच बाद झाला होता. त्याच्या गटातून उत्तर कोरिया आणि ताजिकिस्तान पुढे गेले. म्हणून त्याला पुन्हा खालून सुरुवात करावी लागली, आणि चिठ्ठ्यांच्या फेरात तो नेमका भारताच्या गटात आला.

हा बदल किती कठोर आहे, हे आधीच्या फेऱ्यांशी ताडून पाहिलं की कळतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारताची पात्रता फेरी सौदी अरेबियातल्या दम्मामला झाली होती. मालदीवला ५-०, कुवेतला ३-०, म्यानमारला ४-१ असं हरवून भारत शेवटच्या सामन्यात सौदीकडून १-२ ने हरला. गटात दुसरा आला. तरीही २०२३ च्या आशिया चषकात पोहोचला, कारण तेव्हा सर्वोत्तम सहा उपविजेत्यांनाही जागा होती. २०२५ मध्ये अशी मागची दारं बंद झाली होती. अहमदाबादला इराणशी बरोबरी झाली असती तर कितीही चांगलं खेळूनही मुलं घरी बसली असती.

उपविजेत्यांची तुलना होत असे तेव्हा आणखी एक नियम लागू व्हायचा आणि तो बऱ्याच प्रेक्षकांच्या लक्षात यायचा नाही. काही गट चार संघांचे, काही पाचांचे. सगळ्यांना एका मापाने मोजायचं म्हणून पाच संघांच्या गटात तळाला राहिलेल्या संघाविरुद्धचे निकाल हिशोबातून वगळले जायचे. म्हणजे दुबळ्या संघावर गोलांचा पाऊस पाडला आणि आपण निश्चिंत झालो, तरी तो पाऊस कागदावर कोरडाच. गुण समान झाले तर काय होतं, हेही इथेच सांगितलेलं बरं. आशियाई फुटबॉल महासंघ, म्हणजे एएफसी, एकूण गोलफरक आधी बघत नाही. बरोबरीत असलेल्या संघांनी आपापसांत काय केलं, हे आधी बघतो. युरोपातल्या साखळी स्पर्धा बघून आलेला प्रेक्षक इथे हमखास चुकतो, कारण त्यातल्या अनेक लीगमध्ये गोलफरकाला पहिला मान असतो.

हे झालं पात्रता फेरीचं. आता आशिया चषक.

इथे सोळा संघ, चार गट, प्रत्येक गटात चार संघ. प्रत्येकाला तीन सामने. पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात, आणि तिथे पोहोचणं म्हणजेच विश्वचषकाचं तिकीट. चषक कोण उचलतो याच्याशी त्या तिकिटाचा संबंध नाही. एप्रिल २०२५ मध्ये सौदी अरेबियात झालेल्या स्पर्धेत उझबेकिस्तानने अंतिम सामन्यात यजमानांना २-० ने हरवलं, पण त्या दोघांचं विश्वचषकाचं काम कधीच झालं होतं. त्यांच्यासोबत जपान, दक्षिण कोरिया, उत्तर कोरिया, इंडोनेशिया, ताजिकिस्तान आणि संयुक्त अरब अमिराती हे उपांत्यपूर्व फेरीतले बाकीचे सहा. नववा संघ कतार, कारण विश्वचषक त्यांच्याच घरी. कतार तर त्या आशिया चषकात खेळतही नव्हता.

दोन्ही स्पर्धा शेजारी ठेवल्या की मला सगळ्यात लक्षणीय वाटते ती ही उलटी गंमत. पात्रता फेरीत पाचातून एक, आशिया चषकात चारातून दोन. नुसते आकडे बघितले तर दुसरा अडथळा सोपा वाटतो. पण पहिल्या फेरीत चारपैकी दोन-तीन प्रतिस्पर्धी आपल्या तोडीचे किंवा आपल्यापेक्षा कच्चे असतात. आशिया चषकात तळाचा संघ म्हणून कुणी नसतो. जे आले ते एकतर मागचा विश्वचषक खेळून आलेले, नाहीतर आपापला गट जिंकून आलेले. पहिल्या फेरीत एक सामना घसरला तर सगळं हातातून जाऊ शकतं, म्हणून प्रशिक्षक धोका पत्करून जिंकायला जातो. दुसऱ्यात एक विजय आणि एक बरोबरी अशा चार गुणांवरही गाडी पुढे सरकू शकते, म्हणून मोठ्या संघासमोर बचाव बांधून बसणं हा शहाणपणाचा डाव ठरतो. एकाच संघाने सहा महिन्यांच्या अंतराने वेगळ्या धाटणीचा खेळ दाखवला तर त्यामागचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

विश्वचषकाच्या जागा वाढल्यामुळेही या दुसऱ्या पायरीचा अर्थ बदलला आणि भारताच्या बाबतीत तो फार टोचणारा आहे. २०१८ चा आशिया चषक तेव्हा १६ वर्षांखालील म्हणून मलेशियात झाला. बिबियानो फर्नांडिस प्रशिक्षक होते. भारताने व्हिएतनामला १-० ने हरवलं, इराण आणि इंडोनेशियाशी ०-० बरोबरी केली. गटसाखळीत एकही गोल खाल्ला नाही आणि संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला. तिथे दक्षिण कोरियाकडून ०-१ असा हरला. तेव्हा विश्वचषकात २४ संघ असायचे आणि आशियाकडून उपांत्य फेरीतले चारच जायचे. एका गोलाने २०१९ चा विश्वचषक हुकला. आजच्या नियमाने त्या मुलांनी गटातून बाहेर पडल्या क्षणीच विश्वचषक गाठला असता. नियम नंतर बदलला याचं त्यांना काय सांत्वन, पण त्या संघाची कामगिरी केवढी होती हे मोजताना ही गोष्ट विसरू नये. अहमदाबादच्या संघाचे प्रशिक्षकही बिबियानोच होते.

२०२५ पासून हा विश्वचषक ४८ संघांचा झाला आणि दोन वर्षांऐवजी दरवर्षी होऊ लागला. २०२९ पर्यंतच्या पाचही स्पर्धा कतारला दिल्या आहेत. दरवर्षी भरण्याचा फायदा वयोगटाच्या मुलांना कसा होतो, हे नीट बघण्यासारखं आहे. पूर्वी स्पर्धा विषम वर्षात व्हायची. २०१९ च्या विश्वचषकासाठी २००२ किंवा त्यानंतरचा जन्म लागायचा. साहजिकच संघात २००२ ला जन्मलेले थोराड मुलगे भरायचे. २००३ ला जन्मलेल्याला एक वर्षाने मोठ्या मुलांशी झगडून जागा मिळवावी लागे, आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत त्याचं वय उलटून जाई. आता प्रत्येक जन्मवर्षाला स्वतःची पात्रता फेरी, स्वतःचा आशिया चषक. २०२६ साठी १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं चालतात, आणि ही अट दोन्ही पायऱ्यांना सारखीच लागू असते. वयाच्या बाबतीत कागदपत्रांवर पूर्ण विसंबून राहत नाहीत. २००९ च्या विश्वचषकापासून फिफाने मनगटाचा एमआरआय काढून हाडांच्या वाढीवरून वय पडताळायला सुरुवात केली.

भारताने विश्वचषक अजिबात पाहिलेला नाही असं नाही. २०१७ चा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईतल्या सामन्यांना महाराष्ट्रातून पुष्कळ लोक गेले होते. पण तेव्हा भारत यजमान म्हणून खेळला. दिल्लीत अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांकडूनही हरला, कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने केलेला गोल तेवढा इतिहासात राहिला. १९८५ पासून २०२५ पर्यंत मुलांचे असे वीस विश्वचषक झाले आणि त्यांत भारताचं नाव त्या एकाच वर्षी दिसतं. ही पार्श्वभूमी डोळ्यांसमोर असली की पात्रता फेरीतल्या विजयालाच विश्वचषक समजणं मला खटकतं. दुसरी पायरी चढायची बाकी आहे हे न सांगता मुलांना डोक्यावर घ्यायचं, आणि ती चढता आली नाही की "अपयशी" म्हणून मोकळं व्हायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे. २०२३ ला थायलंडमध्ये हेच झालं. व्हिएतनामशी १-१, उझबेकिस्तानकडून ०-१, जपानकडून ४-८. एका गुणावर स्पर्धा संपली. पण ज्या जपानला भारताने चार गोल केले, तोच जपान ती स्पर्धा जिंकला.

सगळ्या खंडांत रचना अशीच असते असंही समजू नका. युरोपात तर गणित जवळजवळ उलटं आहे. तिथल्या १७ वर्षांखालील युरो स्पर्धेत २०२५ ला यजमान अल्बानिया धरून आठच संघ होते, पण विश्वचषकात युरोपच्या जागा अकरा. मग तिकिटं कुठे वाटणार? पात्रता फेरीतच. सात गटविजेते युरोलाही गेले आणि विश्वचषकालाही. सर्वोत्तम चार उपविजेत्यांना युरो खेळायला मिळाला नाही, विश्वचषक मात्र मिळाला: ऑस्ट्रिया, क्रोएशिया, आयर्लंड, स्वित्झर्लंड. अल्बानियाच्या वाट्याला नेमकं उलटं आलं, यजमान म्हणून युरो खेळला आणि विश्वचषकात नव्हता. त्या चौघांपैकी ऑस्ट्रियाने कतारमध्ये थेट अंतिम सामना गाठला आणि पोर्तुगालकडून ०-१ असा हरला. खंडाची मुख्य स्पर्धा न खेळलेला संघ जगात दुसरा! आशियात हे घडू शकत नाही, कारण इथे यजमान सोडला तर विश्वचषकाचा रस्ता आशिया चषकातूनच जातो.

मुलींच्या स्पर्धेतही दोन पायऱ्या आहेत, फक्त वरची पायरी जास्त उंच. भारताच्या १७ वर्षांखालील मुलींनी ऑक्टोबर २०२५ मध्ये बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ ने हरवून चीनमधल्या २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. पण मुलींच्या विश्वचषकात संघ २४, म्हणून आशियाकडून उपांत्य फेरीत पोहोचणारे चारच पुढे जातात. म्हणजे मुलांच्या संघाला गटातून बाहेर पडल्यावर जे मिळतं, त्यासाठी मुलींना आणखी एक बाद सामना जिंकावा लागतो, आणि तोही उत्तर कोरिया किंवा जपानसारख्या संघाशी असू शकतो. २० वर्षांखालील गटातही, मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही स्पर्धांत, हीच उपांत्य फेरीची अट आहे.

तेव्हा "भारत पात्र" अशी बातमी आली की दोन गोष्टी तपासून बघा: कोणत्या वयोगटाची, मुलांची की मुलींची, आणि पात्रता फेरीतून आशिया चषकाची, की आशिया चषकातून विश्वचषकाची. दुसऱ्या प्रकारची बातमी वाचायला मिळाली, तर मात्र रात्रभर फटाके वाजवले तरी चालतील.