‘आमची कोठेही शाखा नाही’ आणि साडेचार तारे

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या पेठेत फिरलं की एक पाटी हमखास दिसते. सराफाच्या, चिवडेवाल्याच्या, पेढेवाल्याच्या दुकानावर: ‘आमची कोठेही शाखा नाही’. गावच्या माणसाला त्या पाटीची गरज नसते. त्याला दुकान, दुकानदार आणि दुकानदाराचा बापसुद्धा माहीत असतो. पाटी असते ती बाहेरगावच्या गिऱ्हाइकासाठी. एकाच नावाच्या चार दुकानांतलं मूळ कोणतं, हे त्याला कळत नाही. तेच काम आता मोबाइलच्या नकाशावर दुकानाच्या नावाखाली दिसणारे पिवळे तारे करतात. ते आपल्याकडे कसे आले आणि छोट्या धंद्याला त्यांचा उपयोग नेमका कुठं होतो, त्याची ही पार्श्वभूमी.

ताऱ्यांच्या आधी आपल्याकडे पत होती. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अजूनही ‘त्याची पत आहे’ म्हटलं की पुढचं काही विचारत नाहीत. शेतकरी सोयाबीन किंवा तूर घेऊन ज्या आडतीवर उतरतो, ती बहुधा वडिलांपासून ठरलेली असते. वजनात कोण मारतो, मालाच्या हिशोबाची पट्टी कोण वेळेवर देतो, हे पारावर आणि एसटीत बोललं जातं. उदगीर तालुक्यातल्या हाळीचा जनावरांचा बाजार घ्या. देवणी, लाल कंधारी अशा जनावरांचे सौदे दलालामार्फत, रुमालाखाली बोटं दाबून करायची इकडची जुनी रीत. किंमत झाकलेली, पण दलालाचं नाव उघडं. बैल घरी नेल्यावर मारका निघाला किंवा औतात बसू लागला, तर शिव्या त्या दलालाच्या नावानं पडतात, आणि त्याला तर पुढच्या बाजाराला तिथंच यायचं असतं. रिव्ह्यूच म्हणा हा, फक्त कुणी लिहून ठेवलेला नसतो.

पण ही पत दहा-वीस कोसांपलीकडं पोचत नव्हती. आणि ती सगळ्यांना सारखी मिळतही नव्हती, हे जुन्या दिवसांचे गोडवे गाताना आपण सोयीनं विसरतो. जुन्या पेठेत ज्याचं घराणं, ज्याची बिरादरी, त्याला पत आयती. नव्यानं धंद्यात उतरलेल्या पोराला किंवा बचत गटातून पापड-चटणी विकणाऱ्या बाईला ती मिळवायला अर्धं आयुष्य लागायचं.

लिहिलेला अभिप्राय आपल्याला नवा नव्हता. शाळेत साहेबांचं शेरेबुक असायचं, एसटी स्टँडवर तक्रार पुस्तक असायचं (पुस्तक मिळालं तर पेन नसायचा). वेरूळ आणि अजिंठा १९८३ साली जागतिक वारसा यादीत गेले. तिकडच्या हॉटेलांत आणि हिमरूच्या दुकानांत परदेशी पाहुण्यांपुढे अभिप्राय वही ठेवायचे. त्या वहीत वाईट काही सापडणं अवघड, कारण वही मालकाच्या टेबलावर असायची आणि लिहिणाऱ्याच्या शेजारी मालक चहा घेऊन उभा. खरं म्हणजे पुढं जे काही बदललं ते एवढंच: वही मालकाच्या हातातून गेली.

दुसरी वाट कायद्याची होती. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. फ्रिज, विमा, बोगस बियाणं अशा प्रकरणांत या वाटेचा मोठा आधार. पण पातळ वरणासाठी जिल्हा आयोगाची पायरी कोण चढणार? रोजच्या बारीकसारीक व्यवहारांतलं बरं-वाईट कायद्याच्या कक्षेत असूनही प्रत्यक्षात हवेतच राहिलं.

अनोळखी बाजाराची ही अडचण अर्थशास्त्रात मांडली ती १९७० साली, जॉर्ज अकर्लोफ यांनी. अमेरिकेत घेतल्यावर खराब निघालेल्या मोटारीला ‘लेमन’ म्हणतात. विकणाऱ्याला माल खराब आहे हे माहीत, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सगळ्यांनाच संशयानं कमी भाव देतो, आणि त्या भावात चांगला माल बाजारात येईनासा होतो. त्यांच्या या निबंधात भारतातली गृहिणीही आहे. मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे तिला निवडत बसावं लागतं, असं त्यांनी लिहिलं. आपल्या आईला सूप घेऊन बसलेलं ज्यानं पाहिलं आहे, त्याला हा सिद्धान्त वेगळा समजावून सांगायला नको. अकर्लोफ यांना २००१ साली नोबेल मिळालं. तोवर या खड्यांवर एक उपाय निघाला होता, आणि तो काढणारे अर्थशास्त्रज्ञ नव्हते.

ॲमेझॉननं १९९५ साली पुस्तकांखाली वाचकांना मत लिहू दिलं. १९९६ साली ईबे या लिलावाच्या साइटवर, कधी भेट न झालेल्या दोन माणसांनी व्यवहारानंतर एकमेकांना शेरा द्यायची सोय झाली. हाळीच्या दलालाचा हिशोब तोच, फक्त बाजार जगभर पसरलेला. प्रवाशांसाठी २००० साली ट्रिपॲडव्हायझर आणि गल्लीतल्या दुकानांसाठी २००४ साली येल्प आलं.

भारतात जस्टडायल १९९६ मध्ये फोनवर सुरू झालं: नंबर फिरवायचा आणि जवळचा प्लंबर विचारायचा. ग्राहकांच्या मतांची माउथशट ही साइट २००० सालची. २००८ साली दिल्लीतल्या हॉटेलांची मेन्यूकार्डं नेटवर टाकण्यातून जे सुरू झालं, ते पुढं झोमॅटो झालं. यातलं मराठवाड्यापर्यंत सुरुवातीला फार थोडं पोचलं. पण माउथशटची एक गोष्ट इथंही लागू पडते. वाईट अभिप्राय काढून टाका म्हणून कंपन्यांच्या नोटिसा यायच्या, त्याविरुद्ध ही साइट सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात इतर याचिकांबरोबर तिचाही विषय होता. नुसत्या कुणाच्या तक्रारीवरून नव्हे, तर न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना असेल तरच मजकूर काढायचं बंधन साइटवर येईल, असं न्यायालयानं ठरवलं. म्हणून आज एखादा दुकानदार ‘वकिलाची नोटीस पाठवतो’ म्हणाला तरी एका ताऱ्याचा शेरा आपोआप गायब होत नाही.

आपल्याकडे गाडी हलली ती २०१४ ते २०१६ या तीन वर्षांत. जून २०१४ मध्ये गुगलनं धंद्याची नोंद फुकट करायची सोय ‘गुगल माय बिझनेस’ या नावानं एकत्र आणली. दुकान खरंच त्या जागी आहे का, हे तपासायला तेव्हा चक्क पोस्टकार्ड यायचं, त्यावरचा आकडी कोड भरायचा. पत्ता ‘जुन्या मोंढ्याच्या मागे, मारुती मंदिराजवळ’ असा असेल तर ते कार्ड पोचवण्याचं श्रेय पोस्टमनचंच. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं, ५ सप्टेंबरला जिओ, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. नेट स्वस्त झालं, आणि पानटपरीवरसुद्धा स्कॅन करायची सवय लागली. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेही याच वर्षी. लोकांच्या आठवणीत ते साल पाण्याचं आहे, पण पेठेचा चेहरा बदलायला लागला तोही तेव्हाच.

तारे नेमके कुणाच्या कामी येतात, याचं सगळ्यात नेमकं उत्तर मला हार्वर्डच्या मायकेल लुका यांच्या २०११ च्या अभ्यासात मिळतं. त्यांनी सिएटल शहरातल्या हॉटेलांचं उत्पन्न आणि येल्पवरचे तारे शेजारी ठेवून पाहिले. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, असं निघालं. मात्र हा परिणाम होता तो एकट्या, स्वतंत्र हॉटेलांवर. साखळी हॉटेलांवर तो दिसलाच नाही. कारण साखळीचं नाव बघूनच आत काय मिळणार हे कळतं. ज्याची कोठेही शाखा नाही, त्याच्याबद्दलच विचारावं लागतं. सिएटलची टक्केवारी उचलून परभणीला लावू नये. पण त्यामागचं कारण आपल्या पाटीवर आधीच लिहिलेलं आहे.

म्हणूनच मराठवाड्यात रिव्ह्यूचा फायदा गावच्या गिऱ्हाइकातून मोजला तर हाती काही लागत नाही. तो दिसतो परक्या माणसाची ये-जा असते तिथं.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी सचखंड एक्स्प्रेसनं थेट अमृतसरहून यात्रेकरू उतरतात. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद मिळाल्याच्या, त्रिशताब्दीसाठी शहराचं रूप पालटलं, हॉटेलं वाढली. पंजाबातून आलेल्या कुटुंबाला ना मराठी पाटी वाचता येते, ना कुणाची पत ठाऊक. बिदर-औंढ्याला घेऊन जाणारा गाडीवाला कसा आहे, खोलीत गरम पाणी खरंच येतं का, हे त्यांच्याच गावच्या कुणीतरी मागच्या वर्षी पंजाबी-हिंदीत लिहून ठेवलेलं असतं. नांदेडचा गाडीवाला लुधियानात ओळखीचा झाला, तो असा.

लातूरचं प्रकरण आणखी मजेशीर. बारावी, नीट, जेईईसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून पोरं येतात. जून महिन्यात हिंगोली-जालन्याकडचे आईबाप एक दिवसात क्लास, होस्टेल आणि मेस ठरवून परत निघतात. मेस चालवणारी बाई बऱ्याचदा स्वतःच्याच घरात दहा-वीस डबे करणारी असते, पाटी लावायलाही जागा नसते. तिच्याबद्दल गेल्या बॅचच्या पोरानं ‘भाकरी गरम मिळते, रविवारी संध्याकाळी मेस बंद’ एवढं लिहिलं, तरी आईला पुरतं. खरं तर ‘रविवारी बंद’ असा उणा शेरा असला की बाकीच्यावर विश्वास बसतो. नुसतं ‘व्हेरी नाइस’ वीस वेळा असेल तर शंका येते. उलट बाजूही आहे: रात्री दहाला गेट लावलं म्हणून एक तारा देणारी पोरंही आहेत. पण तो शेरा वाचून त्याच होस्टेलला पोरगं टाकणारे बाप मी पाहिलेत.

पैठणीत तर रिव्ह्यू शिकवतोसुद्धा. पैठणीला भौगोलिक मानांकन २०१० साली मिळालं, पण यंत्रमागावरची साडी हातमागाची म्हणून खपवणं थांबलं नाही. घेतलेल्या साडीच्या पदराची मागची बाजू उलटून फोटो टाकणाऱ्या बायका आता दिसतात. हातमागावर नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी, यंत्रमागावर मागं धाग्यांचा गुंता. पर्यटकाला कोणत्या दुकानात न्यायचं हे संभाजीनगरात गाइड आणि रिक्षावाल्याच्या कमिशनवर ठरायचं. अजूनही ठरतं, पण गल्लीत आत असलेल्या विणकराला निदान सापडण्याची संधी मिळाली.

हुरड्याचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत आगटी पेटते, गूळभेंडी किंवा सुरतीचा हुरडा, जवसाची चटणी, दही, गूळ. आणि थोड्याच आठवड्यांत धंदा संपतो. एवढ्याशा हंगामात पत कधी जमायची? पण गेल्या साली लिहिलेलं यंदा तसंच असतं. जवळचं काही दाखवताना गुगल तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या शब्दाशी मेळ, अंतर, आणि त्या जागेचा बोलबाला. या तिसऱ्यात अभिप्रायांची संख्या आणि तारे धरले जातात. शिवाय कुणी ‘हुरडा’ शोधलं तर तो शब्द असलेला अभिप्राय वर दिसू शकतो. शेताचं नाव काहीही असो, पाहुण्यांनी लिहिलेल्या शब्दांवरून ते सापडतं.

जिथं पत आली तिथं खोटी पतही येणारच. ठोकभावात रिव्ह्यू विकणारे लोक आहेत, समोरच्या दुकानाला भाच्याकडून एक तारा देववणारेही आहेत. गुगलनं २०२३ या एका वर्षात नियमबाह्य असे १७ कोटींहून जास्त अभिप्राय अडवले किंवा काढले. भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. अभिप्राय गोळा कसे करायचे, तपासायचे कसे, छापायचे कसे, हे त्यात आहे, पण ते स्वेच्छेनं पाळायचं. अमेरिकेनं २०२४ मध्ये खोट्या अभिप्रायांवर दंडाचा नियमच केला. आपल्या पेठेत मात्र ‘पाच स्टार द्या, चहा फुकट’ हे सर्रास चालतं, आणि ते गुगलच्या नियमात बसत नाही हे चहा देणाऱ्याच्या गावीही नसतं.

गेल्या दिवाळीत एका पेढेवाल्याच्या काउंटरवर दोन क्यूआर कोड शेजारी शेजारी चिकटवलेले पाहिले, एक पैशांचा, एक अभिप्रायाचा. माझ्या पुढच्या आजोबांनी दुसराच स्कॅन केला आणि पाच चांदण्या बघून विचारलं, “पैशे कुटं टाकायचे रे यात?”

दुकानदार पोरगं हसलं. “मामा, आता उघडलंच हाय तर आदी चांदण्या दाबा. पैशे नंतर देतालाव की.”