हात फिरवणं आणि पुन्हा लिहिणं

कच्चा खर्डा पूर्ण झाला की लेखक म्हणतो, "आता एकदा हात फिरवतो नि देतो." या हात फिरवण्यात दोन अगदी वेगळी कामं मिसळलेली असतात. एक संस्करण, म्हणजे असलेलं वाक्य नीट करणं. दुसरं पुनर्लेखन, म्हणजे ती गोष्ट पुन्हा नव्याने सांगणं. मालवण तालुक्यातल्या आमच्या घरी बसून मी पहिली कादंबरी लिहिली तेव्हा मला ही दोन्ही कामं एकच वाटत होती, आणि त्या समजुतीत माझे आठ महिने गेले.

भात करणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. बेणणीत रोप जागेवरच राहतं, भोवतालचं तण तेवढं निघतं. लावणीत तरवा, म्हणजे भाताची कोवळी रोपं, मुळासकट उपटून दुसऱ्या कुणग्यात, म्हणजे भातखाचरात जातो, चार दिवस मलूल दिसतो आणि मग धरतो. संस्करण ही बेणणी, पुनर्लेखन ही लावणी.

माझ्या कादंबरीत मुंबईहून गणपतीला गावी येणारा एक धाकटा भाऊ होता. सगळं त्याच्या नजरेतून. पहिल्या खर्ड्यातला हा तुकडा:

"तो उंबऱ्यात उभा राहिला आणि त्याला खूप भरून आलं. समोर हिरवेगार कुणगे पसरले होते आणि दूरवरून समुद्राचा गंभीर आवाज येत होता."

आठ महिने घासून त्याचं हे झालं:

"तो उंबऱ्यात थांबला. पुढे हिरवे कुणगे, पलीकडे समुद्राची गाज."

वाक्यं खरोखर सुधारली होती. 'खूप भरून आलं' गेलं, विशेषणं गेली. पानामागून पान असं केलं आणि शेजारच्या काकूंना काही प्रकरणं वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तुझ्या ह्या घरात चवथीनंतर कोण रवता रे?"

कोणीच राहत नव्हतं. चाकरमानी भाद्रपदात येतो, म्हणून माझ्या कादंबरीत बाराही महिने भाद्रपद होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायची बंदी असते. तेव्हा वर ओढून झाकून ठेवलेल्या होड्या त्याने पाहिलेल्याच नव्हत्या, कारण तो येईपर्यंत त्या पाण्यात गेलेल्या असायच्या. वैशाखात तळ दाखवणारी विहीर त्याला माहीत नव्हती. मी घासत होतो ती वाक्यं चुकीच्या माणसाची होती, आणि हे कुठलंही वाक्य घासून दिसणारं नव्हतं. कागद मिटून मी तोच प्रसंग घरात राहणाऱ्या वहिनीकडून लिहिला:

"भावजी खळ्यात उभे राहून समुद्राची गाज ऐकत होते. तिला गाज ऐकू येईनाशी झाली होती. ज्येष्ठात मांगराची कौलं उडाली त्या रात्रीपासून तिचे कान वाऱ्याकडे असायचे. बॅगा भिजत होत्या म्हणून तिने त्या पडवीत घेतल्या."

यात कुणगे नाहीत. ते कापायला मला कोणी लावलं नाही. रोज दिसणारी हिरवळ ती बाई कशाला पाहील? नजर बदलली की घरातल्या वस्तू, ऋतू, वाक्यांची लांबी सगळं आपोआप बदलतं. पुनर्लेखनाची खूण मला तरी हीच वाटते.

याचं जगातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकन लेखिका हार्पर लीचं. १९५७ साली तिने दिलेल्या हस्तलिखितात नायिका मोठी होऊन गावी परतलेली होती. टे होहॉफ या संपादिकेच्या सांगण्यावरून लीने ती गोष्ट नायिकेच्या बालपणात नेली, आणि १९६० साली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आली. जुनं हस्तलिखित २०१५ साली स्वतंत्र पुस्तक म्हणून छापलं गेलं. दोन्ही वाचणाऱ्याला ती दोन पुस्तकं वाटतात, कारण ती आहेतच दोन.

अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेचं उदाहरण मात्र मला जास्त गुंतवून ठेवतं. १९२९ च्या 'अ फेअरवेल टू आर्म्स'चं शेवटचं पान आपण ३९ वेळा लिहिलं, असं त्याने मुलाखतीत सांगितलं. अडचण काय होती, असं विचारल्यावर तो म्हणाला, शब्द बरोबर लावण्याची. म्हणजे संस्करणच की. पण पुढे त्याच्या कागदांतले ते शेवट छापले गेले तेव्हा छापील कादंबरीत न जगणारं मूल त्यांतल्या एकात जिवंत राहत असल्याचं दिसलं. मूल जगतं की मरतं हा शब्दांचा प्रश्न कसा असेल? मला वाटतं, त्याच्यासारख्या लेखकाचा हात शब्दावर असतानाच गोष्टीपर्यंत पोचत असावा. नवशिक्याने त्याच्या उत्तरावर विसंबू नये. माझं तसंच झालं होतं.

शुद्धलेखन या दोन्हींत येत नाही. १९६२ च्या नियमांनंतर जुन्या पुस्तकांतलं 'नाहीं' नव्या छपाईत 'नाही' झालं, 'गांव'चं 'गाव' झालं. म्हणून कादंबरी सुधारली असं कोणी म्हणत नाही. हे काम मुद्रितशोधकाचं, आणि ते सगळ्यात शेवटी.

बोलीचं मात्र तसं नाही. संवाद मालवणीत करणं म्हणजे वरवरचं काम, असं अनेकांना वाटतं. करून पाहा. प्रमाण मराठीत माझा म्हातारा म्हणत होता, "मला या घराबद्दल एक रितेपण जाणवतं." मालवणीत हे वाक्य येईचना. शेवटी तो काही बोललाच नाही, उठून कुत्र्याला भाकरी घालून आला. शब्द बदलायला गेलो होतो, प्रसंग बदलून परतलो.

मग कुठलं काम कधी? एकाच पानावर तिसऱ्यांदा खुणा पडायला लागल्या तर दोष त्या पानावर नसतो, असा माझा अनुभव आहे. तो चाळीस पानं मागे असतो, किंवा सांगणाऱ्या माणसात. आणि आधी घासून ठेवू नये, याचं कारण फार मानवी आहे: 'पलीकडे समुद्राची गाज' हे मला इतकं आवडलं होतं की ते वाक्य जगावं म्हणून मी त्या भावाला आणखी दोन महिने जगवला. कच्चं वाक्य फेकताना हात थरथरत नाही.

जुन्या खर्ड्यातली तीन वाक्यं नव्यात आली. वैशाखाचं प्रकरण लिहून झाल्यावर ते काकूंना वाचून दाखवलं. वहिनी विहिरीवर जाते, दोर सोडते, पोहरा खडकावर आपटतो. काकूंनी पहिल्यांदाच मध्ये थांबवलं.

"दोर नाय रे. राजू."

मी पेन काढलं.