कंपवाताची सुरुवात पोटातून?

लंडनच्या हॉक्स्टन भागातील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये ज्या सहा रुग्णांवरून कंपवाताचे वर्णन लिहिले, त्यांतले काही त्यांनी नुसते रस्त्यात पाहिले होते. तरीही या रुग्णांचा कोठा जड असतो आणि पुढे पुढे जालीम रेचकाशिवाय पोट साफ होत नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे ही बाब आजाराचा एक किरकोळ उपद्रव म्हणून बाजूला पडून राहिली. आपल्या घरांतही हात थरथरू लागला की डॉक्टर गाठला जातो; त्याआधी वर्षानुवर्षे चाललेली बद्धकोष्ठता मात्र इसबगोलावर निभावली जाते.

१९१२ मध्ये जर्मन डॉक्टर फ्रिट्झ लेवी यांना रुग्णांच्या मेंदूतील पेशींत जे गोळे दिसले, ते आढळण्याची एक जागा मेंदूतून पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेच्या (नसेच्या) उगमाशी असलेल्या पेशींच्या पुंजक्यातच होती. हे गोळे मुख्यतः अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे असल्याचे १९९७ मध्ये उघड झाले, आणि २००३ मध्ये जर्मन शरीररचनातज्ज्ञ हायको ब्राक यांनी आतड्यात सुरू झालेला हा बिघाड व्हेगसच्या वाटेने मेंदूपर्यंत चढत असावा, असा तर्क मांडला. पूर्वी अल्सरवर इलाज म्हणून ही चेता कापत असत. डेन्मार्कच्या २०१५ मधील पाहणीत, चेतेचे मुख्य खोडच कापलेल्या रुग्णांत बरीच वर्षे उलटल्यावर कंपवाताचे प्रमाण कमी दिसले. स्वीडनमधील नंतरचे आकडे मात्र तितके ठाम नव्हते.

सूक्ष्मजीव या कथेत उशिरा आले. हेलसिंकीत ७२ रुग्णांच्या आणि तितक्याच निरोगी व्यक्तींच्या विष्ठेची तुलना झाली, तेव्हा रुग्णांत प्रिव्होटेला कुळातील जिवाणू कमी आढळले. पण मंदावलेल्या आतड्यानेही जिवाणू बदलतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे तेवढ्याने ठरत नाही. म्हणूनच २०१६ मधला अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेचा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. अल्फा-सिन्युक्लिन जास्त तयार करणारे उंदीर जंतुविरहित वातावरणात वाढवले, तेव्हा नाकावर चिकटवलेला कागदाचा तुकडा त्यांना, पोटात नेहमीचे जिवाणू असलेल्या तशाच उंदरांपेक्षा, चटकन काढता येई. रुग्णांच्या विष्ठेतील जिवाणू पोटात गेलेल्या उंदरांच्या हालचाली मात्र निरोगी माणसांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांपेक्षा अधिक बिघडल्या.

माणसांत उत्तर इतके सरळ मिळालेले नाही. निरोगी दात्याची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले: बेल्जियममधील गेंट येथे वर्षाअखेरीस हालचालींत थोडी सुधारणा दिसली, तर हेलसिंकीत दिसली नाही.